साडेअकराचा रिलीव्हर

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो बुद्धरत्न चाकणच्या कंपनीत माझ्याच लाइनवर काम करतो. नावं खरीच ठेव म्हणाला.

आणखी एक. ही गोष्ट रात्रीची नाही. मागच्या वर्षीचा मे महिना, काळेवाडीतली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, आणि भरदुपारचं ऊन.

बुद्धरत्नला पहिली शिफ्ट असायची. पहाटे बायको झोपेत असतानाच हा कंपनीच्या बसला पळायचा. संध्याकाळी पाचला घरी. आला की मोबाईल, जेवण, आणि घोरणं. मैत्रीशी म्हणजे बायकोशी तो दिवसभरात दहा वाक्यं बोलला तरी पुष्कळ.

आधी ती कुरकुर करायची.

मग अचानक कुरकुर थांबली.

ती गुणगुणायला लागली. चेहरा उजळला. दुसरा एखादा खूश झाला असता, पण आमचा गडी मुळात संशयी. त्याच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती काजळावरून.

सकाळी तो निघायचा तेव्हा ती झोपेत. संध्याकाळी यायचा तेव्हा तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलेलं.

मग ते काजळ घातलेलं कोणासाठी?

त्यानंतर त्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. मोरीजवळ धुऊन पालथी घातलेली दोन ताटं. आठवड्याच्या मधल्याच वारी केलेली सुक्या बोंबलाची चटणी. ती त्याची जीव की प्राण, पण त्याच्या वाट्याला यायची ती वाटीच्या तळाला उरलेली.

आणि एका संध्याकाळी उशीवर डोकं टेकलं तर...

कूलंटचा वास.

मशीनवर जे पांढरं पाणी उडतं ना, त्याचा. अंगाला बसला की साबणानंही जात नाही. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, सकाळीच घातलेली धुतलेली खोळ, आणि तो सकाळपासून बहिणीकडे वाकडला होता.

म्हणजे कंपनीतलाच कोणीतरी.

त्या आठवड्यात तो आम्हा सगळ्यांकडे चोरासारखं बघायचा. माझ्याकडेसुद्धा. कोणी केस नीट विंचरून आला तरी याचं रक्त खवळायचं. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

शेवटी एका गुरुवारी त्यानं पोट बिघडल्याचं सांगून गेटपास काढला.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. चालू लाइनवर जागा रिकामी ठेवता येत नाही. लघवीला जायचं तरी रिलीव्हर लागतो. तो मागून येतो, उजव्या खांद्यावर दोनदा थाप मारतो. तुम्ही मागं न बघता बाजूला व्हायचं, तो तुमच्या जागी उभा राहतो. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून थाप. त्या गुरुवारी त्याला सोडवायला मीच गेलो होतो.

सव्वाबाराला तो काळेवाडीत पोचला. खाली घरमालकीण शालनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा हात सुपातच थांबला.

"आरं, आत्ता तर वर गेलास की. खाली कवा उतरलास?"

"मी? मी कंपनीतून येतोय, मावशी."

"व्हय, रोजच येतोस की साडेअकराला. जिन्यात खोकतोस, मला कळतंय की."

तो जिना चढला.

दाराबाहेर बूट काढलेले होते. कंपनीचे सेफ्टी शूज. डाव्या टाचेवर पांढऱ्या रंगाचा थेंब.

त्यानं आपल्या पायाकडं पाहिलं. त्याच्या डाव्या बुटावर तोच थेंब होता.

आतून मैत्रीचं हसणं ऐकू आलं. पोट धरून हसत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर असं हसणं त्यानं ऐकलं नव्हतं.

मग एक पुरुष खोकला...

खोकला त्याचाच होता.

त्यानं दारावर धडाधडा हात मारला. हसणं थांबलं. कडी निघाली. मैत्रीच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. तिनं त्याला पाहिलं, आणि सावकाश मागं वळून खोलीत पाहिलं.

खोलीत कोणी नव्हतं. दुसरं दार नाही, खिडकीला लोखंडी गज. जमिनीवर दोन ताटं. दुसऱ्या ताटात अर्धी मोडलेली भाकरी.

बाहेरचे बूटही नव्हते.

"अहो... तुम्ही आत्ता इथं बसला होतात."

"कोण होता तो, खरं सांग."

"तुम्हीच. रोज येता ना. म्हणालात, जेवायला सुट्टी मिळते आता."

"आणि संध्याकाळी एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं. संध्याकाळी मी दमलेला असतो, चिडतो, तेव्हा हे काढू नकोस."

ती रडायला लागली. तेव्हा त्याला चौदा एप्रिल आठवला. त्या दिवशी हा ओव्हरटाइमला गेला आणि ती एकटीच पिंपरी चौकात जयंतीला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी भांडण झालं. ती म्हणाली, दुपारी समोर जेवायला माणूस नसतं माझ्या. आणि हा तोंडाळ वैतागून म्हणाला होता, "रिलीव्हर पाठवतो तुला, जा."

साडेअकराचं येणं सुरू झालं ते सोळा तारखेपासून.

घरात दुसरा कोणी पुरुष सापडला असता तर यानं त्याला पोलिसांत नेलं असतं, नाहीतर हातपाय मोडले असते. पण स्वतःवर जळायचं तरी कसं? तो जळला मात्र. त्यानं सुपरवायझरच्या हातापाया पडून दुसरी शिफ्ट मागून घेतली. आता दुपारी दोनपर्यंत तो घरी.

साडेअकराला ताटं वाढली जायची. दोघं समोरासमोर बसायची. बोलायचं काय, हे त्याला सुचायचं नाही.

"चटणी कशी झालीय?"

"बरीये."

मैत्रीनं चटणीची वाटी बाजूला सरकवली.

"तो काय म्हणायचा?" त्यानं विचारलं.

"जाऊ द्या ना."

"सांग."

"दोनदा मागून घ्यायचा. आणि दिवसभर मी काय केलं ते विचारायचा."

"तो भास होता, मैत्री. खरा मी आहे."

"असाल," ती म्हणाली. "पण मला जे मिळालं ते तर खरंच होतं ना."

सात दिवस कोणी आलं नाही. त्याला वाटलं, सुटलो.

आठव्या दिवशी तो जेवत होता. ती समोर बसून भाकरी मोडत होती.

आणि मागून...

उजव्या खांद्यावर थाप पडली. एकदा. दोनदा.

बारा वर्षांची सवय. तो उठला. मागं न बघता बाजूला झाला, बूट घातले, जिना उतरला.

"निघालास व्हय कामाला?" शालनबाई म्हणाल्या.

तेव्हा तो भानावर आला. हाताला अजून चटणी लागलेली होती.

तो धावत वर गेला. दाराला आतून कडी. आत ती हसत होती, पोट धरून. त्यानं दार वाजवलं. हसणं थांबलं. पावलं दाराजवळ आली.

"कोण आहे?" मैत्रीनं विचारलं.

तो "मी" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून त्याचाच आवाज आला.

"कोणी नाही गं. बस तू."

आणि पावलं परत गेली.

दार उघडलं ते तासाभरानं. आत ती एकटीच होती.

हे सगळं त्यानं मला कँटीनमध्ये सांगितलं. आता तो पुन्हा पहिल्या शिफ्टला आहे. त्याला सोडवायला जातो तेव्हा मी थाप मारत नाही. समोर जाऊन हात हलवतो.

"रत्ना, ती खोली सोड ना राव," मी म्हणालो.

"सोडली की. महिना झाला, भोसरीला राहतो."

"मग झालं तर."

त्यानं घड्याळ पाहिलं. साडेअकराला पाच मिनिटं कमी होती. डबा तसाच झाकून ठेवला.

"काल घरी गेलो," तो म्हणाला, "तर तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलेलं होतं."