जीन्स डिपार्टमेंटला माणूस पाहिजे

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात 'जीन्स' म्हटलं की एकच अर्थ – पॅन्ट. घराघरात शिलाई मशीन, गल्लीगल्लीत बटणं ठोकणारे आणि गटारातून वाहणारं निळं पाणी. दोन हजार सातच्या ऑक्टोबरात अशा त्या गल्लीत आमच्या ट्रस्टच्या टेकचंद साईंनी, मला न विचारता, थॅलेसेमिया तपासणी केंद्राच्या फाटकावर एक पुठ्ठा लटकवला – 'जीन्स डिपार्टमेंट के लिए आदमी चाहिए. अनुभवी को पहला चान्स.'

सकाळी मी अंबरनाथहून पोचले तर रांग रस्त्यापर्यंत.

मला कोण आनंद! जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करून मी त्या खोलीत एकटी बसत होते. अंबरनाथच्या आमच्या मोरिवलीतल्या शेजारणींना माझं काम काय, हे अजून कळलेलं नव्हतं. "डॉक्टर?" – नाही. "नर्स?" – नाही. "मग गं यशोधरा, रोज नटूनथटून जातेस तरी कुठे?" आईबापाकडून मुलात कोणता आजार उतरू शकतो, तो कसा ओळखायचा, पुढे काय करता येतं, हे समजावणारी बाई... एवढं लांब उत्तर ऐकायला कुणी थांबत नसे. आणि आज माझ्या कामाला एवढी माणसं!

पहिला आत आला तो उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट. बसण्याआधी त्यानं खुर्चीचा पाय हलवून पाहिला. मी ते जमेच्या बाजूला टाकलं. नखं मात्र निळी होती, ती तूर्त कुठेच टाकली नाहीत.

"जयदेव. चामटोलीचा, बदलापूरच्या पुढे."

"अनुभव?"

"सहा वर्षं. जीन्समध्येच."

मी पेनचं टोपण काढलं. "काम कोणतं?"

"तपासणी. दोष शोधायचा. वरचा दोष काय, कोणालाही दिसतो. मी आतला काढतो."

"आणि दोष कुठून आला ते सांगता येतं?"

"मॅडम, दोष मुळात कटिंगला असतो. लोक उगाच शिलाईवाल्याला शिव्या घालतात."

किती सोप्या भाषेत सांगतो हा! "बरं, दोष सापडला की समोरच्याला काय सांगता?"

"सांगायचं काय त्यात? रिजेक्ट."

"रिजेक्ट?"

"बाजूला फेकायचा. नाहीतर रस्त्यावर स्वस्तात विकायचा."

"अहो, माणसं आहेत ती!"

"कोण माणसं?" त्यानं मागे वळून पाहिलं. "मी पॅन्टचं बोलतोय."

मग मी हसले – आवरता येईना असं. तो भिंतीवरचा तक्ता वाचत होता. त्याच्याही ओठांचा कोपरा हलला.

"मग हे तुमचे जीन्स कुठले?"

"आईबापाकडून मिळतात ते."

"आमच्याकडे पॅन्ट मोठ्या भावाकडून मिळायची," तो म्हणाला. "मापात कधीच नसायची."

बाहेरची रांग चहा पाजून परत पाठवावी लागली. टेकचंद साईंनी जयदेवला मात्र थांबवून घेतलं. तो बी.एस्सी. निघाला, नोकरी मिळेना म्हणून पॅन्टचा माल तपासत होता. मी साईंना म्हटलं, "अहो, अनुभवी माणूस हवा होता ना?" साईं खिशातली बडीशेप तोंडात टाकत म्हणाले, "अनुभवी सब बाहर चले गये, मॅडम. इसको बना लो."

ते खरंच होतं. माझ्याआधीची वैष्णवी ट्रस्टच्या खर्चानं शिकायला बंगलोरला गेली, ती आता कॅनडातून दिवाळीच्या शुभेच्छा पाठवते. आमच्या धंद्यात माणसं इतकी कमी, की शिकलेल्याला वाटेतच कुणीतरी उचलतं.

तर मी त्याला बनवायला घेतलं. आणि महिनाभरात... कोण कुणाला बनवतंय, याचा ताळा जुळेना.

तो लोकांना बोलतं करायचा. नवरा गप्प असेल तर त्याच्याशी क्रिकेट, सासू गप्प असेल तर – पण सासू कधी गप्प नसायची. "मॅडम, आप बोलो ना, बच्चा रखना कि नहीं?" असं सासूनंच विचारावं आणि सुनेनं पदराचं टोक पिळत बसावं. मी नेहमीचं सांगायची: दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला आहे, दर खेपेला बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक, या या तपासण्या आहेत, हे हे मार्ग आहेत. फैसला तुमचा. हे म्हणताना माझं बोट सुनेकडे. 'मी तुमच्या जागी असते तर' हे वाक्य आमच्या कामात वर्ज्य. माणसाला रस्ते दाखवायचे, ढकलायचं नाही.

जयदेवला याची भारी गंमत वाटायची.

"मॅडम, दाल पकवान खायचं की पावभाजी?"

"पकवान कुरकुरीत असतं, पण तेलकट. पावभाजीला वेळ लागेल. आता तुम्ही बघा–"

"मी बघू? भूक तुम्हाला लागलीय!"

मी रागावून पाहिलं. तो रस्त्याकडे बघत राहिला, पण त्याचे कान हसत होते. कान हसतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुपारी वीज गेली की आम्ही दारात बाक ओढून बसायचो. माझ्या कॉलेजातल्या गुणसूत्रांच्या फोटोंच्या झेरॉक्स मी त्याला कापून जुळवायला दिल्या होत्या. तो एकेक तुकडा उजेडात धरायचा.

"हे दोघं जोडीचे."

"कशावरून?"

"पट्टे जुळतात."

शेवटी दोन तुकडे राहिले. एक लांब, एक आखूड. त्यानं ते शेजारी-शेजारी ठेवले.

"हे काही जुळत नाहीत," मी मुद्दामच म्हटलं.

"जुळत नाहीत. पण बाकीच्यांच्या जोड्या लागल्यावर हेच दोघं उरतात..." त्यानं मान वर केली. "मग यांनीच एकमेकांचं व्हायचं ना, मॅडम?"

बरोबर होतं, पुरुषाच्या शेवटच्या जोडीचं असंच असतं. मी "बरोबर" म्हणाले. माझा आवाज काही बरोबर नव्हता.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. ऑक्टोबर सरला, मोरिवलीच्या कारखान्यांचा धूर थंडीत खाली उतरू लागला, आणि मी घरात या खिडकीतून त्या खिडकीत. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का?" मी डबा घासत होते – कधीचा स्वच्छ झालेला.

एकदा तो सहजच बोलल्यासारखं म्हणाला, "आई माझ्यासाठी मुलगी बघतेय. आपल्यातलीच हवी म्हणते. रक्ताची बाब असते म्हणते."

आमचं घर बौद्ध. ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि चामटोलीला कळायला एक फेरी पुरली असती.

"मग आईंना आणा तपासणीला," मी म्हटलं. "रक्ताच्या गोष्टी सगळे करतात, सुई टोचून घ्यायला कुणी येत नाही."

तो खूप हसला. मग हसू संपलं, तरी आम्ही तिथंच उभे.

डिसेंबरात हैदराबादची जागा आली. गुणसूत्रं तपासण्याचं प्रशिक्षण, एक वर्ष, राहणं-खाणं त्यांच्याकडे. साईं नाचायचे बाकी होते. जयदेव कागद हातात घेऊन माझ्या टेबलासमोर आला आणि पेशंटच्या खुर्चीत बसला.

"जाऊ का?"

किती सोपा प्रश्न. मी टेबलावरचा पेपरवेट उजवीकडून डावीकडे ठेवला. "गेलात तर या कामाला तुमच्या तोडीचे हात थोडेच असतील. चार ठिकाणांहून बोलावणी येतील. राहिलात तर नोंदी लिहीत राहाल, पण घर जवळ... आईंची शेती..."

"हे सगळं मला कळतं. तुम्हाला काय वाटतं?"

"निर्णय तुमचा आहे."

तो उठला. "मी पेशंट आहे का, मॅडम?"

"तसं नाही–"

"जायचं तर परत ये म्हणणारं कुणी हवं. राहायचं तर थांब म्हणणारं. तुम्ही दोन्ही म्हणत नाही. तुम्ही नुसते रस्ते दाखवता!" कागद त्यानं माझ्यासमोर ठेवला, हळूच, आपटलाही नाही. "मी जात नाही. आणि उद्यापासून इथंही येत नाही. झाला निर्णय."

खरंच आला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. दार वाजलं की मी मान वर करायची आणि समोर कुणाची तरी सासू असायची.

शनिवारी साईं दारात उभे. "मॅडम, आज शाम तक उसकी सही नहीं आयी तो सीट नागपूरवालों को जायेगी. आप बोलो ना उसको."

"मी कसं सांगू, साईं? निर्णय त्याचा..."

"अरे, फैसला, फैसला!" साईं पहिल्यांदाच चिडले. "मरीज को मत बोलो, ठीक है. पर बाकी दुनिया में किसी को तो बोलना पड़ता है!"

मी पर्स उचलली. बदलापूरला उतरून टमटम पकडली, आणि वाटेत चार वेगवेगळी भाषणं जुळवली. चारही गुळगुळीत होती. चामटोलीच्या खळ्यावर पोचले, तर जयदेव पेंढ्याच्या गंजीवर उभा. खालून एक लुगडं नेसलेली बाई एकेक पेंढी वर फेकत होती. ही त्याची आई, बनूबाई, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. नाक तेच होतं.

"उतरा खाली," मी म्हटलं.

तो वरून बघत राहिला. "हा सल्ला आहे का, मॅडम?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! हैदराबादला जायचं. आज संध्याकाळच्या आत साईंकडे सही करायची. आणि शिकून झालं, की कुणी कितीही बोलावलं तरी परत यायचं."

"सेंटरसाठी?"

बनूबाईंनी हातातला पेंढा फेकला नाही. तो तसाच हातात धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. पळून जायला रस्ता होता, टमटमही उभी होती.

"सेंटरसाठी... आणि माझ्यासाठी. मला तू हवा आहेस, जयदेव."

बनूबाईंनी कपाळावरचा पदर मागे सारला.

"गो बाय," बनूबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्यात पोरी अशाच बोलतान काय?"

"नाही हो, काकू. आमच्यातही नाही बोलत."

वर तो हसायला लागला. हसता हसता घसरला आणि अर्धी गंजी घेऊनच खाली आला, केसांत, कानांत, शर्टात पेंढा. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. इतक्या जवळ, की त्याच्या छातीचा भाता दिसत होता.

"परत म्हण."

"आधी सही."

"म्हणजे परत आलो तर–"

"तर नाही. आलास की."

"अरं मेल्या, गंजी मोडलीस!" बनूबाई ओरडल्या. पण ओरडणं गंजीसाठी होतं की कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. त्यांची नजर माझ्या चपलांपासून केसांपर्यंत गेली आणि परत खाली आली. मी हिशेब मांडायच्या सवयीनं त्या नजरेत काही सापडतं का पाहिलं. होकार नव्हता. दार लावून घेतल्याचाही आवाज नव्हता.

"रक्तातलं सांगतेस म्हनं तू मानसांला," त्या म्हणाल्या. "माझं काय सांगशील?"

"तपासल्याशिवाय काहीच नाही, काकू."

त्यांनी नाक उडवलं. मग लेकाकडे वळल्या. "उभा काय र्‍हायलास? सही करायचीय ना? पळ. मेला शेटजी दुकान बंद करंल."

"शेटजी नाही गं आई, ट्रस्टचे–"

"पळ म्हनते ना!"

तो पळाला. वळणावर एकदा थांबला, दोन्ही हात वर केले – काय सांगायचं होतं कुणास ठाऊक, बहुतेक सगळंच – आणि टमटमच्या धुरळ्यात दिसेनासा झाला. खळ्यावर आम्ही दोघी आणि पसरलेला पेंढा. ऊन कलायला लागलं होतं. आता निघावं की बसावं, की पाया पडावं... मला काही सुचेना.

"ह्यो आता वरीसभर नाय," बनूबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग हातातला पेंढा माझ्या पोटाशी ढकलला. "नाव काय म्हनलीस?"

"यशोधरा."

"लांबलचक हाय," त्या म्हणाल्या. "वढनी खोच कंबरंला. चढ वर."