राणीच्या कानामागची बट

"हलू नका!" मी ओरडले, तसा दारातल्या माणसानं उचललेला पाय हवेतच ठेवला.

त्याचा अपराध एवढाच, की त्यानं न विचारता दार उघडलं होतं आणि वाऱ्यानं माझ्या टेबलावरचं दीडशे वर्षांचं तिकीट उडालं होतं. ते शोधत शोधत मी गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत पोचले. तिकीट त्याच्या कोटाच्या बाहीला चिकटलं होतं. मी चिमट्यानं अलगद उचललं. बाहीवर मांजराचे केस होते, तेही तीन रंगांचे.

"आता पाय खाली ठेवू?"

"ठेवा. पण शिंकू नका."

"मांजर न्यायला आलोय," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "खालच्या घड्याळवाल्यांचं. माझी इंजेक्शनची पिशवी बघून पसार झालं... ते काय, तुमच्या कपाटावर बसलंय."

बसलं होतं खरं. जनावरांचे डॉक्टर होते तर हे! खुर्चीवर चढून त्यानं दोन्ही हातांनी मांजराला असं उतरवलं, की ते बेटं गुरगुरायचंही विसरलं. एवढे मोठे हात आणि इतके हळुवार... मी बघत राहिले, आणि बघतेय हे लक्षात आल्यावर भिंगाची काच पुसायला लागले.

जाता जाता त्यानं दारावरची पाटी वाचली. 'तिकीटसंग्राहक मंडळ. जुनी टपाल तिकिटं तपासून मिळतील.' आणि त्याचं हसू मावळलं.

"म्हणजे माझ्या काकांचं तिकीट नकली ठरवणाऱ्या बाई त्या तुम्हीच?"

नकली तर मी महिन्याला वीस तिकिटं ठरवते. पण हे मला आठवलं. तीन वर्षांपूर्वीचं, एका बेटावरच्या वसाहतीचं, राणीचा चेहरा असलेलं निळं चार पेनीचं तिकीट. कामावर लागल्यावर मी दिलेलं ते पहिलं मत. केवढ्या ऐटीत सही केली होती!

"काका शिंपी होते," डॉक्टर म्हणाला. "आईवडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्या तिकिटावर त्यांचा फार जीव होता. तुमचं पत्र आलं, त्यांनी सगळे अल्बम बांधून माळ्यावर टाकले. रविवारी इथे मंडळात यायचे, तेही बंद केलं. आता दिवसभर खिडकीत बसून असतात."

वाईट वाटलं. पण आमचा स्वभाव म्हणजे पडलं तरी नाक वर. "मत मत असतं," मी म्हटलं. "खात्री नसेल तर तिकीट पुन्हा आणा. पण माझं चुकत नाही."

दोन दिवसांनी औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून तो ते घेऊन आला, काकांना न सांगता.

"माझे पेशंट निदान खोटं बोलत नाहीत," खुर्ची ओढत तो म्हणाला.

"माझेही नाही बोलत. खोटं बोलतात ते त्यांचे मालक."

तो खळखळून हसला. मी मंडळाचा नमुन्यांचा अल्बम काढला. आमच्या कामाची रीत साधी आहे. अल्बममध्ये प्रत्येक तिकिटाचा एक अस्सल नमुना पानाला चिकटवलेला असतो. आलेलं तिकीट त्याच्याशी ताडून बघायचं, बस्स.

"ही राणीच्या कानामागची बट बघा. आमच्या नमुन्यात कशी अखंड आहे. आणि तुमच्या काकांच्या तिकिटात... मध्येच तुटलीय. दिसलं?"

तो भिंगावर वाकला. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमच्याही कानामागची एक बट सुटलीय. म्हणून काय तुम्ही नकली?"

"डॉक्टर, कामाचं बोला."

"कामाचंच विचारतो. हा तुमचा नमुना अस्सल कशावरून?"

मला हसू आलं. "नमुना आहे म्हणून!"

"आमच्याकडे नाही बुवा असं चालत. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे म्हणून त्याची जात ठरत नाही."

तो गेला, प्रश्न मात्र टेबलावर बसून राहिला. पुढचे पंधरा दिवस डॉक्टर काही ना काही निमित्त काढून येत होता. कधी घड्याळवाल्यांच्या मांजराचे कान तपासायचे होते, कधी नखं, कधी नुसतंच वजन. त्या मांजराएवढं निरोगी मांजर पंचक्रोशीत नसेल! बाहीवर पावसाची भुरभुर घेऊन तो जिना चढायचा, आणि खालून येणाऱ्या शंभर घड्याळांच्या टिकटिकीतही मला त्याची पावलं नेमकी ओळखू यायची. तो तिकिटाचं नाव काढत नसे. मीच मनात काढत होते.

कारण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. या तिकिटाच्या अस्सल कागदात, कागद बनतानाच दाबलेली, चांदणीची एक खूण असते, बेंझिनच्या थेंबात तिकीट भिजवलं की दिसते. काकांच्या तिकिटात ती चांदणी होती. तीन वर्षांपूर्वीही मला ती दिसली होती. पण बट तुटकी म्हटल्यावर मी ठरवून टाकलं, की चांदणीसुद्धा कोणा बिलंदरानं उमटवली असणार.

आणि नमुना? तो पानाला चिकटलेला. तो कुणी कशाला भिजवून बघेल?

शेवटी एका दुपारी मी नियम मोडला. नमुना पानावरून सोडवला, काळ्या बशीत उलटा ठेवला, वर बेंझिन टाकलं. चांदणी नव्हती. बशी फिरवली, दिव्याखाली धरली, पुन्हा थेंब टाकले... कोरा कागद. नकली तिकीट आमच्या अल्बममध्येच बसलं होतं! मूळ छपाईत बट तुटकीच होती, आणि नक्कल करणाऱ्या पठ्ठ्यानं राणीचे केस नीट विंचरून दिले होते.

मी अल्बमचं पान उजेडात धरलं. पानावर, नमुन्याखालच्या जागेत, पेन्सिलीनं देणगी देणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. डॉक्टरच्या काकांचं.

मंडळाचे अध्यक्ष मात्र खूश झाले. "वा! म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. पत्र पाठवा, नमुना तुम्हीच दिला होतात म्हणावं. तुमच्यावर काही येत नाही."

पत्र लिहायला बसले. दोन ओळी झाल्या आणि डोळ्यांसमोर खिडकीत बसलेला एक म्हातारा आला. ज्यांनी तीन वर्षं एका तिकिटाचं सुतक पाळलं, त्यांना आता सांगायचं, की दोष तुमच्याच दानाचा? चांदणी बघून न बघितल्यासारखी कोणी केली होती? मी कागद फाडला. जाऊन सांगायचं ठरवलं, आणि मग भीती वाटली ती काकांची नाही... डॉक्टरची. ज्या बाईच्या हट्टापायी काकांची तीन वर्षं गेली, तिच्यासाठी तो पुन्हा कशाला जिना चढेल? मला तो आवडत होता. फार आवडत होता. आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारायला मी निघाले होते.

काकांच्या घरी शिलाई मशीन अजून खिडकीशीच होतं. काका आपले मशीनशी, डॉक्टर दाराशी, आणि मी मधोमध उभी.

"तुमचं तिकीट अस्सल आहे," मी सांगितलं. "चूक माझी होती. खूण दिसत असूनही मी ती मानली नाही. तुमची तीन वर्षं गेली... मला माफ करा."

काकांनी मशीनवरचा हात उचलला. मग म्हणाले, "कशाशी ताडलंत?"

"मंडळाच्या नमुन्याशी. तो नकली निघाला."

"आणि तो मंडळाला दिला कुणी?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होता. "जुना आहे," मी म्हटलं. "नाव... नाव पुसलं गेलंय."

आयुष्यात तिकिटांबाबत मी बोललेलं हे पहिलं खोटं. काकांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"पुसलं कसं जाईल पोरी? मीच लिहिलंय ते, चांगलं दाबून! दोन तिकिटं होती माझ्याकडे. एकाची बट अखंड, एकाची तुटकी. म्हटलं, मंडळाला द्यायचं तर चांगलं द्यावं. फाटकं आपण ठेवावं. अन् बघ..." त्यांनी डोळे पुसले. "अरे गाढवा, बघत काय उभा राहिलास? माळ्यावरून अल्बम काढ! आणि तू बस गं. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

डॉक्टर शिडीवरून एकेक गठ्ठा खाली देत होता, मी धूळ झटकत होते, काका दोऱ्या कापत होते. किती वेळ गेला कळलं नाही. काका प्रत्येक पानाशी थांबून कुठलं तिकीट कुठल्या कोटाच्या शिलाईच्या पैशांतून घेतलं ते सांगत होते.

निघताना डॉक्टर फाटकापर्यंत आला. बाहेर बारीक पाऊस होता. दोघांत एकच छत्री, त्यामुळे दोघंही अर्धे अर्धे भिजलो.

"काकांना वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललात," तो म्हणाला.

"तेही धड जमलं नाही."

"एकतीस अल्बम आहेत. काका म्हणताहेत, सगळे परीक्षकबाईंकडून तपासून घ्यायचे. किती दिवस लागतील?"

"रविवारचे रविवार आले तर... वर्ष जाईल."

"वर्षभर रविवारी तुम्ही इथे." तो हसला, पण आवाज जरा अडखळला. "आणि मग? वर्ष संपल्यावर?"

तिकिटाबद्दल विचारलं असतं तर एका दमात उत्तर दिलं असतं. हे असलं काही मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि चुकलं तर काय, हा विचार सुटत नव्हता. पण चुकलेलं सांगायला मी आजच शिकले होते. मग न चुकलेलं सांगायला कसली भीती?

"वर्ष संपल्यावरही येईन," मी म्हटलं. "तिकिटांसाठी नाही. मला तुम्ही आवडता, डॉक्टर. चुकत असेन तर आत्ताच सांगा."

त्यानं छत्री सगळी माझ्या बाजूला केली आणि स्वतः पावसात उभा राहिला.

"नाही चुकत," तो म्हणाला. "मांजर तीन आठवड्यांपासून ठणठणीत आहे."