वीतभर अंतर

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात एरंडोलच्या पुढे एसटी बंद पडली. बाकीचे प्रवासी ट्रक, टेम्पो गाठून निघून गेले. हेमलता तेवढी कडेला उभी राहिली. तोच एक जीप थांबली.

"बाई, धुळ्याला ना? माझ्या पुतणीला चित्रकला शिकवता तुम्ही. मी लीलाधर, चोपड्याचा. केळीचा व्यापार आहे आपला. बसा ना पुढे!"

त्याच्या शर्टाच्या खिशातून नव्या मोबाईलचा अँटेना डोकावत होता. हेमलताने तो पाहिला... आणि ती मागे जाऊन बसली.

जळगावची शाळा सुटली की दर शनिवारी ती घराची किल्ली वाटभर मुठीत घट्ट धरून धुळ्याला जाई. आईवडिलांच्या मागे बंद असलेलं घर उघडायचं, दिवा लावायचा, दोघांच्या फोटोंशी चार शब्द बोलायचे. दुसरं कोण होतं बोलायला? मग लीलाधरचंही दर शनिवारी धुळ्याला काम निघू लागलं, आणि ती त्याच्या जीपने जाऊ लागली, मागेच बसून.

"मना आंगले काटा शेतस का, बाई? टोचतील म्हणून पुढे बसत नाही ते!" तो आरशातून हसत विचारी.

"लीलाधरभाऊ, समोर बघा."

"बठ्ठं गाव, सगळेच भाऊ म्हणतात. तुम्ही तरी नका म्हणू!"

ती हसे. घरी आल्यावर मात्र कुलूप काढताना तिचा हात आपोआप उजव्या खांद्याखाली जाई. तिथल्या लहानशा उंचवट्यापायी एक जमलेलं लग्न मोडलं होतं. ह्यालाही कळलं तर?

एका शनिवारी पारोळ्याजवळ फोन वाजला. लीलाधरने एका हाताने तो कानाला लावला. "रावेरचा भाव काय निघाला?" — आणि समोर कापसाची बैलगाडी!

"गाडी!" हेमलता किंचाळली.

करकचून ब्रेक लागला. जीप कडुनिंबाखाली जाऊन थांबली.

"फोनवर बोल, नाहीतर गाडी चालव!" गाडीवान ओरडून पुढे गेला.

लीलाधरने इंजिन बंद केलं. मागे वळून तो म्हणाला, "चुकलं माझं. बाई, तुम्ही अजून मागेच बसता; मी नकोसा असेन तर सांगून टाका... पुन्हा ह्या रस्त्याला येणार नाही."

गप्प राहिलं, तर हाही जाणार होता.

"इथे," तिने खांद्याखाली बोट ठेवलं, "पेसमेकर आहे. माझ्या हृदयाचे ठोके सांभाळणारं मशीन. मोबाईल त्याच्याजवळ नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तुमचा फोन कायम खिशात..."

"किती लांब हवा?"

"वीतभर पुरे."

"वीतभर? आणि तुम्ही अख्खी सीट सोडली?"

"सवयच पडली..." ती हळूच म्हणाली, "लांब बसायची."

तो खाली उतरला. फोन मागच्या सीटच्या पार कोपऱ्यात ठेवला आणि पुढची सीट रुमालाने झटकली. ती पुसून झाली तरी तो पुसतच होता.

"आता वाजला तर?" तिने विचारलं.

"गाडी थांबवीन, उतरेन, मग बोलेन. पण तुमच्याशी... चालत्या गाडीत बोललं तर चालेल?"

हेमलता पुढे येऊन बसली.

"समोर बघून बोला, लीलाधर."

भाऊ ती म्हणालीच नाही. जीप हलली, आणि तिच्या लक्षात आलं — आज बंद घराची किल्ली मुठीत नव्हती. ती पिशवीतच राहिली होती.