सभा म्हणाली, बघू

खाडीकाठच्या दलदलीतलं, खाजणातलं, प्लास्टिक उचलायला रविवारी सकाळी येतो म्हणून साठाहून जास्त जणांनी कळवलं होतं. हर्षदा कोयंडेने चहा ठेवला तो नऊ जणांचा, कारण कानोसाने नऊ सांगितले होते. ओहोटी लागली, तिवरांच्या मुळ्या उघड्या पडल्या आणि चिखलात उतरायला खरोखरच नऊ जण आले. चहा कमी पडला नाही की उरला नाही. न आलेल्यांवर आता कुणी चिडतही नसे. त्यांनी नाहीच म्हटलं होतं, फक्त ‘येतो’ या शब्दात म्हटलं होतं.

कानोसा हे खाडीसभेचं यंत्र. यंत्र म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही नव्हे, माणसाचं बोलणं समजून घेणारी एक संगणक-प्रणाली. खाडीकाठच्या सात गावांतली आणि पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली काही हजार माणसं फोनवरून या सभेत जोडली गेली होती. खाडीच्या तोंडाशी रसायनांची जेटी होणार म्हटल्यावर ही सभा उभी राहिली. आधी प्रत्येक गोष्टीवर मतदान व्हायचं आणि प्रत्येक मतदानानंतर भांडण. आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे खरं दुखणं. होकाराला भराभर हात वर व्हायचे आणि कामाच्या दिवशी कुणी फिरकायचं नाही. शेवटी मतदान बंद झालं. प्रश्न मांडायचा, ज्याने त्याने आपल्या भाषेत उत्तर द्यायचं आणि त्यामागचं खरं मत कानोसाने ओळखायचं, अशी रीत पडली. उत्तर किती रेंगाळून आलं, तो माणूस एरवी कसा बोलतो, कुणाच्या देखत बोलतोय, हे सगळं कानोसा जमेस धरी.

त्याला हे शिकवलं हर्षदाने. बोलीभाषांचे नमुने गोळा करणं हा तिचा व्यवसायच होता. एकट्या ‘बघू’ या शब्दावर तिने कित्येक महिने घातले. आई हट्टी मुलाला म्हणते ते बघू वेगळं, डॉक्टर तपासणीचे कागद चाळत म्हणतो ते वेगळं. पण कुणी काही मागितलं आणि समोरचा नजर चुकवून ‘बघू’ म्हणाला, तर ते नाही. याचा पहिला नमुना तिला बालमैत्रीण रेवती जुवाटकर हिने दिला होता. रेवतीला एक स्थळ सांगून आलं, तेव्हा तिच्या आईने पाहुण्यांना पोहे दिले, सगळ्यांची विचारपूस केली, आणि ते निघताना ती हसून म्हणाली, बघू. पाहुणे अंगणात पोचायच्या आत रेवतीने आतल्या खोलीत सुटकेचा निःश्वास टाकला होता. हा किस्सा सांगताना दोघी पोट धरून हसल्या होत्या.

त्याच ‘बघू’ने खाडी वाचवत आणली होती. कंपनीच्या माणसांनी घरोघर जाऊन जेटीला संमती गोळा केली होती आणि बघू, विचार करू, तुम्ही म्हणता तर, ही सगळी उत्तरं होकारात धरली होती. पुराव्यासाठी त्यांनी ती बोलणी ध्वनिमुद्रित केली, हा त्यांचा शहाणपणा. हर्षदाने तीच ध्वनिमुद्रणं कानोसाला ऐकवली आणि गावांनी नकार दिला होता हे हरित लवादापुढे मांडलं. लवादाने काम थांबवलं. आता शेवटची सुनावणी बाकी होती. कानोसाचं वाचन विश्वासार्ह आहे हे पटलं तर खाजण राहणार, नाही तर त्यावर भराव पडणार, आणि ते पटवून देणारी साक्ष हर्षदाची होती.

सभेत कुणी ताळतंत्र सोडू नये म्हणून सभेनेच निवडलेले राखणदार असत. गावच्या वेशीवरच्या देवाचं नाव त्यांना हौसेने दिलं होतं. हर्षदा पहिल्या दिवसापासून राखणदार होती. सुनावणीच्या काही आठवडे आधी रेवतीचा भाऊ दिगंबर याने कंपनीतल्या एका कारकून बाईंच्या घरचा पत्ता आणि त्यांच्या मुलीच्या शाळेचं नाव सभेत टाकलं. खाली लिहिलं, यांची भेट घ्यायला हवी. हर्षदाने मजकूर काढला आणि नियमाप्रमाणे त्याला महिनाभर सभेत बोलायला बंदी घातली. दिगंबरचा राग मोठा आणि होड्याही त्याच्याच. पत्रकारांना आणि पाहणीला येणाऱ्यांना खाडीत न्यायचं तर त्याच्यावाचून अडत होतं. त्याने होड्या ओढून वर ठेवल्या, आणि हर्षदा फार मनमानी करते अशी कुजबुज सुरू झाली.

सभेचे अध्यक्ष भाटकर सर. हर्षदा आणि रेवती त्यांच्याच हाताखाली मराठी शिकलेल्या. वाद वाढू नये म्हणून सरांनी प्रश्न मांडला, हर्षदाने राखणदार म्हणून राहावं का? उत्तरांचा पाऊस पडला आणि त्यात एकही नकार नव्हता. स्वतः सरांनी लिहिलं, अशी कार्यकर्ती लाभणं हे सभेचं भाग्य, पुढचं काय ते बघू. रेवतीचं उत्तर आलं फार उशिरा. तिने खूप केलंय, राहू दे की, बघू.

हर्षदा तेव्हा तांदूळ निवडत होती. रेवतीचं उत्तर वाचून तिने फोन पालथा ठेवला. निकालाची वाट बघायची तिला गरजच उरली नव्हती. संध्याकाळी कानोसाने जाहीर केलं की सभेला हर्षदा कोयंडे राखणदार म्हणून नको आहेत. दूर केलेल्या राखणदाराने वर्षभर सभेबाहेर राहायचं, असा नियम होता. तिच्या फोनवरून खाडीसभा नाहीशी झाली. विश्वासघात हा शब्द तिने आजवर कंपनीसाठी राखून ठेवला होता. तो आपल्याच माणसांसाठी वापरायची वेळ आली याचा तिला इतका संताप आला की निवडलेले तांदूळ तिने पुन्हा निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सर आणि रेवती घरी आले. दोघांचेही चेहरे पडलेले होते. असं होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, सगळी सभा हळहळतेय, असं सर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मग त्यांनी उपाय काढला.

“यंत्र चुकलं गो. तू अर्ज दे, कानोसाने माझ्या बाबतीत चुकीचं वाचन केलं म्हणून. आम्ही सगळे सह्या करतो.”

हर्षदाने रेवतीकडे पाहिलं.

“मी नाही म्हटलंच नव्हतं,” रेवती म्हणाली. “मी बघू म्हटलं.”

“बघू म्हणजे काय, ते मला तूच सांगितलंस ना गो?”

घरात दिगंबर आहे, त्याच्यासमोर रेवती फोन हातात घेऊन किती वेळ बसली असेल, हे हर्षदाला कळत होतं. कळल्यामुळे राग कमी होत नव्हता. ती म्हणाली, “अर्ज राहू दे, सर. रेवा, तू आत्ता माझ्याकडे बघून एकदाच सांग, हर्षदा, तू राहा. मी सगळं विसरते.”

रेवतीचे डोळे भरून आले. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “उद्या बोलू आपण,” ती म्हणाली.

रेवतीच्या त्या उत्तरातून सरांनाही काहीतरी उमगलं असावं. हर्षदाने त्यांना सरळ विचारलं की यंत्र चुकतं असा अर्ज मी दिला आणि त्यावर सभेने सह्या केल्या, तर लवादात कंपनी त्या कागदाचं काय करेल? सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. अर्जाचा विषय त्यांनी परत काढला नाही. चहा पिऊन दोघं गेली.

सुनावणीला सातही गावांतून माणसं आली. होड्याही पाण्यात उतरल्या होत्या. दिगंबर पुढच्या बाकावर होता आणि रेवती त्याच्या शेजारी. कंपनीच्या वकिलांनी अभ्यास नीट केला होता. साक्षीला उभ्या राहिलेल्या हर्षदाला त्यांनी विचारलं,

“तुमच्याच सभेने तुम्हाला बाहेर काढलं, हे खरं?”

“खरं.”

“त्या चर्चेत एकाही सभासदाने तुमच्याविरुद्ध मत दिलेलं नाही. म्हणजे यंत्र चुकलं. बरोबर?”

एक होकार दिला असता तर तिचं नाव आणि सभेतली जागा, दोन्ही परत आली असती. शिवाय मागे बसलेल्या प्रत्येकाला, आपण काही केलंच नव्हतं, असं मानायची सोय झाली असती.

“यंत्र चुकलं नाही,” हर्षदा म्हणाली. “त्यांना मी नको होते. त्यांना ते म्हणता आलं नाही, एवढंच. या गावांनी तुम्हालाही असंच सांगितलं होतं.”

जेटी रद्द झाली. लवादाच्या आवारात लोक नाचले, कुणीतरी पेढे वाटले. भाटकर सरांनी दुरून हात जोडले. हर्षदापर्यंत पेढ्यांचा पुडा आला तेव्हा तो रिकामा होता. वाटणारा मुलगा ओशाळून हसला. ती बसने एकटीच परतली.

घरी पोचते तोच फोन वाजला. रेवतीचा निरोप होता. सभेतला नव्हे, तिचा तिने पाठवलेला. रविवारी खाजणात जमतोय सगळे, येशील ना?

हर्षदाने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग लिहिलं, बघू.

पाठवल्यावर ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. हजारो माणसांच्या ‘बघू’चा अर्थ तिने एका यंत्राला शिकवला होता. आता ती सभेबाहेर होती आणि तिचं बोलणं कानोसा ऐकत नव्हता. मग हे जे आत्ता तिने लिहिलं, त्याचा अर्थ तिला कोण सांगणार होतं?