न वाळलेलं तोंड

"माझ्या शेजारच्या घरातली गोष्ट. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच उठावं," रामभाऊ म्हणाले. गच्चीवरचं एकही पोर उठलं नाही.

एकोणऐंशी सालची सर्वपित्री अमावास्या. इथं कुवेतमधल्या जहऱ्यात राहणारा प्रभाकर संध्याकाळी बाळाच्या दुधाची पावडर आणायला गेला, तो डब्याबरोबर प्लायवूडची फळीही घेऊन आला. त्याच्या दोस्तानं, काशिनाथ पेंटरनं काढलेलं त्याचंच चित्र. दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेल्या रंगातलं. जवळून नुसते निळे-पिवळे फराटे. पाच पावलं मागे सरकलं की उन्हात डोळे बारीक केलेला प्रभाकर, हुबेहूब. फक्त तोंड नव्हतं.

"तोंड शेवटी, वहिनी. माणूस पुरता कळल्याशिवाय जमत नाही ते," काशिनाथ प्रभाकरच्या बायकोला, शामलाला, म्हणाला होता. तोंड काढायच्या आधीच तो राई भागातल्या गोदामात शिडीवरून पडून वारला.

चित्र बघून शामलाचं डोकं फिरलं.

"अहो, शिडी मोडकी होती, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग तुमच्या साहेबापुढे काशिनाथभावजी प्यायले होते असं का बोललात?"

"खरं बोलून नोकरी गेली तर पोराला काय घालशील?"

"पोराला मधे आणू नका. तिकडे देशात त्यांच्या बायकोला, चंपावहिनींना, गाव दारुड्याची बायको म्हणतंय. जाऊन खरं सांगा."

"मेलेल्याला काय फरक पडतो?" प्रभाकरनं चित्र बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलं नि झोपला.

मध्यरात्री शामला बाळाला पाजायला उठली. टर्पेंटाइनचा वास. बाहेर ब्रशचा आवाज... सर्र... सर्र...

नवरा शेजारी घोरत होता.

आवाज थांबला. पावलं मागे सरकली. एक... दोन... पाच. मग पुन्हा पुढे.

तिनं बाळ छातीशी आवळलं. पण संताप भीतीच्या वर आला.

"काशिनाथभावजी..."



"बाळाला भिववू नका. पण काढा. नीट काढा."

सर्र...

सकाळी चित्राला तोंड होतं. उघडं. काही सांगायला निघालेलं. प्रभाकर पांढराफटक पडला. तरी साहेबाकडे गेला नाही. आजतागायत नाही.

"मग?" एका पोरानं हळूच विचारलं.

"कुवेतच्या उन्हात पाटीचा रंग तासाभरात वाळतो. ह्या तोंडाला सहा वर्षं झाली." रामभाऊंनी उजवा हात दिव्याखाली धरला. बोटाच्या टोकाला लाल डाग होता.

"आज दुपारी सहज बोट लावून बघितलं..."