नमस्काराचा दिवा

“ह्यो माणूस हाय का जनावर, आक्का? आई रस्त्यात मरून पडलेली, आणि ह्यो माझ्या नवऱ्याचा जबडा मोडत बसला!”

मंगल शालूबाईंच्या निपाणीतल्या बॅटरीच्या दुकानात रडत होती. नवरा रवळू, कणकुंबीच्या आदर्शकडं ड्रायव्हर.

आदर्शची आई तानीबाई जुन्या पेट्रोल गाडीतनं बेळगावला निघाली होती, लेकीच्या रजिस्टर लग्नाला. पूर्णिमानं परजातीचा सौरव निवडला म्हणून आदर्श पेटलेला. पूर्णिमाचा हट्ट एकच : आई आल्याशिवाय सही करणार नाही.

जंगलातल्या दाट धुक्यात गाडी बंद पडली. फोनला रेंज नाही. दम्याची म्हातारी लग्नापायी चालत सुटली, दम लागून वळणावर दुसऱ्या गाडीची वाट बघत बसली आणि तिथंच गेली. लग्न राहिलं.

“रवळूनं रातभर हेडलाइट चालू ठिवून बॅटरी उतरवली, अशी तक्रार आदर्शनं दिलीया. दहावा झाला की पोलीस न्हेणार त्याला.”

शालूबाई उठल्या. सीमाभागातल्या निम्म्या भानगडी त्यांच्याच दुकानात उकलायच्या.

“भावकू, नवी बॅटरी आणि मीटर घे. तोंडातलं पान आधी थुंक.”

दीर पान थुंकून उठला.

कणकुंबीत रवळूचा जबडा फडक्यानं बांधलेला. मार रस्त्यातच बसला होता. तेव्हापासून शब्द नाही, आणि अक्षरओळखही नाही. त्यानं हवेत किल्ली फिरवली, हात जोडले, मग पंजा हलवला : नाही.

“म्हातारीची माफी मागतोय बिचारा,” भावकू म्हणाला.

“न्हाय वो,” मंगल म्हणाली. “रोज किल्ली फिरवली की आधी नमस्कार, मग गाडी चालू.”

“कशाला नमस्कार?” शालूबाईंनी विचारलं.

मंगलला ठाऊक नव्हतं.

गाडी ओढून आणली तशी शेडमध्ये पडून होती. बॅटरी पार मेलेली. भावकूनं नवी जोडली, इंजिन चालू केलं. पट्टा घट्ट, वायरी साफ. पण मीटरचा आकडा चढेना.

“अल्टरनेटर गेला, वहिनी.”

बॅटरी चार्ज करणारा तो भाग बसवणारा, बेळगावच्या उद्यमबागेतला मेकॅनिक अमरदीप फोनवर खवळला. “चार्जिंग दाखवून गाडी दिलीया मी! आदर्श स्वतः उभा होता. माझ्याकडंच वायरिंग शिकलाय तो.”

आदर्श डोकं भादरून ओट्यावर बसला होता.

“अल्टरनेटरला काय धाड भरलीया? चार्जिंग थांबलं की लागणारा लाल दिवा त्या दिवशी शेवटपर्यंत लागलाच न्हाय. म्हंजे चार्जिंग ठीक. दोष रवळूचा.”

शालूबाई “व्हय” म्हणाल्या आणि डॅशबोर्डाच्या मागं हात घालून आल्या.

दहाव्याला मलप्रभेच्या काठी पिंड मांडले होते. शालूबाईंनी गाडी तिथंच आणवली.

“भावकू, किल्ली फिरव. चालू करू नको. लाल दिवा लागला?”

“न्हाय.”

“आता हा बल्ब बसव. दिव्यामागची जागा रिकामी हाय.”

लाल दिवा लागला. इंजिन चालू होताच विझला. मीटर झरझर चढला.

“ह्या दिव्यातनं जाणारा करंट अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब काढला की तो नुसता फिरतो, आणि धुक्यात हेडलाइट बॅटरी खाऊन टाकतात. हेडलाइट रातभर चालू असते, तर गाडी सकाळी दारातनंच हलली नसती. रवळू रोज ह्याच दिव्याला हात जोडायचा. त्या दिवशी दिवाच नव्हता. तेच सांगत हुता तो.”

“बल्ब कुणीबी काढला असंल,” आदर्श म्हणाला.

“व्हय? मग दिवा लागला न्हाय, हे तुला कुणी सांगितलं? गाडीत दोघं. एक मेली, दुसऱ्याचा जबडा तू मोडलास. बॅटरी मेल्यावर दिवा लागत हुता का, हे तपासायला काय उरतंय?”

आदर्शनं पूर्णिमाकडं बघितलं. तिनं मान फिरवली.

“मला फकस्त गाडी थांबवायची हुती, आक्का. आई चालत जाईल, हे...”

“लेकीच्या लग्नाला आई चालत जाईल, हे तुला कळलं न्हाय. रवळू बोलला तर फसशील, हे बरं कळलं.” शालूबाईंनी त्याच्या हातातलं पिंडाचं पान काढून घेतलं. “पोलिसांत माझ्यासंगं यायचंस. आणि हितनं मागं सर. पिंड पूर्णिमा ठेवंल, सौरव तिच्या शेजारी उभा राहील. तू लांब बस आणि कावळ्याची वाट बघ. तुझी आई त्या वळणावर अशीच वाट बघत बसली हुती, मेल्या, आणि तुला ठावं हुतं, कुणी येणार न्हाय.”