श्येनची मागपावली

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेच्या दारात ट्रॉलीवरून ती गाडी उतरली, तेव्हा डॉ. इरावती मगदूमने हातातला चहा तसाच खिडकीत ठेवला. बावीस वर्षांत तिने 'श्येन' पाहिली नव्हती, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

श्येन ही वायुध मोटर्सची विशेष आवृत्तीतली स्पोर्ट्स कार. कंपनीने साठच बनवल्या, प्रत्येकीच्या दारावर क्रमांक कोरला आणि साचे मोडून टाकले. ही एकतिसावी. एकेकाळचा गर्द निळा रंग उन्हाने राखाडी झाला होता, सीटचं चामडं फाटून आतला स्पंज बाहेर आला होता आणि मागचा दिवा चिकटपट्टीने कसाबसा जागेवर धरला होता. गाडीबरोबर आलेला माणूस तर गाडीला अजिबातच शोभत नव्हता. सत्तरी ओलांडलेला, डोक्यावर पांढरी टोपी, बोटांच्या पेरांवर लाखेचे डाग.

"इब्राहिम सितारमेकर. मिरजेहून आलो," तो म्हणाला. "ही दुरुस्त करायची आहे. परवडेल का, तेवढं सांगा."

"ते तुम्हाला काय काय हवंय त्यावर आहे. रंग, सीट, इंजिन..."

"रंग नको. सीट नको. इंजिन चालतंय. फक्त चार चाकबाहू तेवढे पहिल्या दिवसापर्यंत न्या."

चाकबाहू म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे पोलादी दांडे. गाडीच्या पोटाखाली असतात, कुणाला दिसत नाहीत. हौशी माणूस आधी रंगाला हात घालतो, पोटाखालच्या दांड्यांना नव्हे. इरावतीच्या शेजारी उभ्या असलेल्या येसूमामांच्या भुवया वर गेल्या. तीस वर्षं गाड्या खोलण्यात घालवलेला हा मिस्त्री सहसा चकित होत नसे.

"आमचं काम कसं चालतं, माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"ऐकून आहे. पण तुमच्या तोंडून ऐकतो."

"पोलाद म्हणजे अणूंच्या रांगा. गाडीला खड्डा बसला, ब्रेक लागला, वळणावर भार आला, की या रांगा कुठेतरी एक पाऊल सरकतात. ते पाऊल पुसलं जात नाही. अशी कोट्यवधी पावलं साठली की धातू थकतो. आमचं मागपावली यंत्र ती पावलं वाचतं आणि ध्वनीच्या बारीक ठोक्यांनी प्रत्येक पाऊल उलटं टाकायला लावतं. शेवटचं आधी, पहिलं शेवटी. पहिल्या दिवसापर्यंत गेलो, की धातू कारखान्यातून निघाला त्या स्थितीत येतो."

"तसाच्या तसा?"

"तसाच्या तसा."

"सगळंच परत येतं? चांगलं, वाईट?"

हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. इरावतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "सगळंच," ती म्हणाली. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि अर्ज भरायला घेतला.

तो गेल्यावर येसूमामा अर्ज घेऊन आत आले.

"मॅडम, कुठंतरी पाणी मुरतंय बगा. गाडी आत ढकलायची हुती, म्हनलं चाचा, तुमी स्टेअरिंग धरा. तर म्हातारा दोन पावलं मागं सरला. हातच लावंना. गाडी चालवाय येत न्हाई, आनि बाहू नवं पायजेत! आनि हे वाचा."

'काम झाल्यावर गाडी कोणाच्या ताब्यात द्यायची' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: अरविंद दिघे, पुणे.

इरावती खुर्चीत बसली. दिघे एकेकाळी तिचे साहेब होते. चोवीस वर्षांची असताना ती वायुधच्या गुणवत्ता विभागात लागली होती, आणि श्येनचे चाकबाहू तपासून पुढे सोडणं हे तिचं पहिलं स्वतंत्र काम होतं. तापवलेलं पोलाद कोमट तेलात बुडवून थंड करायचे. एके दुपारी तेलाच्या टाकीचा काटा फार खाली दिसला. थंड तेलात पोलाद एकदम आवळतं आणि पोटात ताण कोंडून राहतो, हे ती नुकतंच शिकून आली होती. तिने दिघ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काटा बिघडलाय, तेल नाही. सही कर, पुढचा घाणा थांबलाय." तिने सही केली.

महिन्याभराने पेपरात चार ओळींची बातमी आली. नवी श्येन गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघालेला कंपनीचा चालक घाटात दरीत कोसळून मेला. कारण अतिवेग. चौकशीत मोडलेला बाहू तपासला गेला आणि त्याचं पोलाद निर्दोष निघालं. ते वाचून इरावतीचा जीव भांड्यात पडला होता. तरी तिने सहा महिन्यांत नोकरी सोडली आणि पुढचं सगळं आयुष्य धातूच्या पोटात काय असतं ते शोधण्यात घातलं. दोन्हींचा संबंध तिने स्वतःशीही कधी कबूल केला नव्हता.

आता तिने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. मागपावलीच्या आधी पूर्ववाचन करता येतं. धातूतली सगळी पावलं नुसती वाचून, उलट गेल्यावर काय दिसेल याचं चित्र संगणकावर काढता येतं. पण त्याला आठ दिवस लागतात, म्हणून प्रयोगशाळेत ते कुणी करत नसे. नवा भाग चांगलाच असणार, मग आधी बघायचं काय, असं सगळे धरूनच चालले होते.

आठव्या दिवशी पडद्यावर चार बाहू उमटले. आजच्या स्थितीत ते थकलेले होते, पण शांत. मागे जाता जाता वर्षं गळत गेली, थकवा उतरला, आणि पहिल्या दिवसाला पोचताच त्यांतले तीन बाहू आतून लालभडक झाले.

"हे काय वो?" येसूमामांनी विचारलं.

"कोंडलेला ताण. तेल थंडच होतं." तिचा आवाज तिला परका वाटला. "पहिले काही दिवस हे दांडे कधीही मोडले असते. पण जी गाडी तेवढ्यातून वाचली, तिच्या बाहूंतला ताण रस्त्याच्या हादऱ्यांनी हळूहळू सुटत गेला. झिजून झिजून ही गाडी सुरक्षित झाली आहे, मामा."

"आनि जो मोडला, त्यात का घावलं न्हाई?"

"मोडला त्याच क्षणी ताण सुटला. तुकड्यांत तपासणाऱ्यांना काय सापडणार? मोडला तोही निर्दोष, टिकला तोही निर्दोष."

येसूमामा पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे पैल्या दिसाची गाडी करून त्यो कुना दिघेला देनार. वरनं जुनी, इंजिन चालू, आनि पोटात मरान. मॅडम, ह्यो खुनाचा डाव हाय."

तिलाही तेच वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, सुटायची वाट समोरच होती. अर्जावर 'दुरुस्ती परवडण्याजोगी नाही' असा शेरा मारला, गाडी मिरजेला परत पाठवली, की दिघे वाचतील. बावीस वर्षांपूर्वीची सहीही झाकलेलीच राहील. तिने पेन उचललंसुद्धा. शेरा मात्र लिहवला नाही. सकाळी तिने मिरज गाठली.

सितारमेकरांच्या गल्लीत इब्राहिमचाचा दुकानाच्या ओट्यावर बसून भोपळ्याला लाख लावत होते. तिला पाहून ते चकित झाले नाहीत. त्यांनी बसायला पाट दिला.

"दिघ्यांना मारायचंय तुम्हाला?" तिने सरळच विचारलं.

चाचांनी कुंचला खाली ठेवला. "तेविसाव्या नंबरची गाडी माझा नौशाद नेत होता. पोरगं कंपनीत ड्रायव्हर होतं. लोक म्हणाले, गरिबाच्या पोराला श्रीमंताची गाडी मिळाली, उडवली असेल. त्याची अम्मी मरेपर्यंत हेच ऐकत राहिली."

इरावती पाटावर बसली.

"मला मशिनीतलं कळत नाही. पण बाई, नवी सतार आम्ही तारा चढवून महिनाभर तशीच ठेवतो. लाकडात काही दोष असेल तर त्या महिन्यात ती तडकते. महिना निघाला, की पन्नास वर्षं काही होत नाही. कंपनीवाले चौकशीत म्हणाले, बाकीच्या गाड्या बघा, सगळ्या ठणठणीत आहेत. तेव्हाच माझ्या मनात आलं, टिकलेल्या सतारी दाखवून तडकलेलीचा न्याय कसा करता? नौशादच्या गाडीचे तुकडे त्यांनी वितळवले. मग तुमच्या यंत्राचं ऐकलं, आणि त्याच घाण्याचे बाहू असलेली गाडी शोधत चार वर्षं फिरलो."

"मग दिघ्यांचं नाव कशाला?"

"'भाग निर्दोष' असं त्यांनी लिहून दिलं होतं. तेच भाग, तसेच्या तसे त्यांच्या पुढ्यात ठेवणार होतो. म्हणणार होतो, साहेब, बसा आणि घाट उतरून दाखवा. ते बसणार नाहीत. बसत नाहीत, तेवढंच चार लोकांना दाखवायचं होतं."

"आणि बसले असते तर?"

चाचांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. घरात जाऊन त्यांनी चौकशीच्या अहवालाची पिवळी पडलेली प्रत आणली आणि शेवटी जोडलेला त्या घाण्याच्या तपासणीचा कागद तिच्यापुढे धरला. दिघ्यांच्या सहीच्या वर तिची सही होती, कॉलेजातल्यासारखी गोल.

"म्हणून तुमच्याकडेच आलो," ते म्हणाले. "परवडेल का, हे तुम्हालाच विचारलं. म्हटलं, बघू या काय उत्तर येतं. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मला काय ते कळलं असतं. आठ दिवस झाले. रोज पोस्टमनची वाट बघत होतो."

आठ दिवस ती त्यांच्यावर संशय घेत होती, आणि ते तिच्यावर. इरावतीने पदराने चेहरा पुसला. "तेल थंड होतं, चाचा. मी काटा पाहिला होता. तरी सही केली. हे मी लिहून देते. पण नुसतं माझं म्हणणं आणि संगणकाचं चित्र कुणी मानणार नाही. बाहू मागे नेऊ. गाडीवर नाही, काढून चाचणीच्या मांडणीवर, सरकारी तपासनिसांच्या समोर."

तिने दिघ्यांना फोन केला. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "इतक्या झिजलेल्या गाडीवर कशाला शक्ती घालवतेस? काही परवडणार नाही," आणि फोन ठेवला.

ठरल्या दिवशी दोन तपासनीस आले. तिन्ही बाहूंची मागपावली चार दिवस चालली, त्यांच्या देखत. दोन बाहूंतला ताण मोजून ते मोहरबंद करून ठेवले. तिसरा मांडणीत आवळून घाटातल्या साध्या वळणाएवढा भार इरावतीने स्वतः चढवायला घेतला. काचेपलीकडे इब्राहिमचाचा उभे होते. भार निम्म्यावर पोचला आणि थाळी आपटावी तसा आवाज झाला. बाहूचे दोन तुकडे झाले होते.

"वेग किती धरला होता?" एका तपासनिसाने विचारलं.

"ताशी तीस," ती म्हणाली.

त्याने ते दोनदा विचारून लिहून घेतलं. चाचा भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. येसूमामांनी त्यांना पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. इरावती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. आता कोर्ट लागेल, नाव जाईल, कदाचित प्रयोगशाळाही. तिला भीती वाटत होती, पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं.

चाचा शांत झाले. त्यांनी टोपी नीट केली आणि यंत्राकडे बघत, काही हेतू न ठेवता विचारलं, "बाई, आजवर अशी किती कामं केलीत? पहिल्या दिवसापर्यंत नेलेली?"

"दोनशे बारा," ती सवयीने, थोड्या अभिमानानेच म्हणाली. आणि मग तिला प्रश्न कळला.

ज्या ज्या वस्तू झिजून तिच्याकडे आल्या होत्या, त्या सगळ्या टिकलेल्या होत्या. त्यांच्यातल्या कितींच्या पोटात पहिल्या दिवशी काय कोंडलेलं होतं, आणि ते कधी सुटून गेलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने ते सगळं परत आणून ठेवलं होतं. पूर्ववाचन एकाचंही केलेलं नव्हतं.

"मामा, यंत्र बंद करा," ती म्हणाली. "मेन स्विच काढा. कामांची यादी द्या मला."

तपासनीस बघत राहिले. ती फोनपाशी गेली. यादीत सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात ताजं काम, एका खाजगी बसच्या पुढच्या चाकांच्या आसाचं होतं. तिने मालकाचा नंबर फिरवला. पलीकडून उत्साही आवाज आला.

"बोला मॅडम! मी स्वतः फोन करणारच होतो तुम्हाला."

"तुमची बस आत्ता कुठे आहे?"

"बस? अहो, परवाच रस्त्यावर काढली. आज लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलीय कोकणात, आता घाट उतरत असेल. काय काम केलंय तुम्ही, मॅडम! अगदी पहिल्या दिवसासारखी पळतीय."